सर जोसेफ व्हिटवर्थ : मळसूत्रांना एकमत शिकविणारा कारागीर

जगांत थोर पुरुष अनेक प्रकारचे होऊन गेले. कोणी राज्यें स्थापन केलीं, कोणी अज्ञात भूमि धुंडाळल्या, कोणी रोगांवर औषधें शोधून काढलीं. अशा पुरुषांचीं चरित्रें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. परंतु ज्याच्या कामाचा उपयोग गिरणी, आगगाडी, आगबोट व मोटार यांच्या अंगोपांगीं शतकभर होत राहिला, आणि ज्याचें नांव यंत्रकारांच्या तोंडीं अजूनहि आहे, अशा एका कारागिराची ओळख विद्यार्थ्यांस क्वचितच करून दिली जाते. तो कारागीर म्हणजे सर जोसेफ व्हिटवर्थ होय.

त्याची ओळख करून घेण्यास एक गमतीचा मार्ग आहे. जुन्या मोटारी मिळवून, त्या उकलून, साफ करून पुन्हां चालत्या करण्याचा छंद असलेले लोक इंग्लंडांत पुष्कळ आहेत. आपल्या मुंबई-पुण्याकडेहि आहेत. अशा एखाद्या गृहस्थाच्या हत्यारांच्या पेटींत डोकावून पाहिलें, तर तेथें पान्यांचे तीनचार निरनिराळे संच दिसतील. त्यांतील एका पान्यावर पाव इंचाचा आंकडा व त्यापुढें ‘डब्ल्यू’ हें इंग्रजी अक्षर कोरलेलें असतें. आतां हाच पाना पट्टीवर ठेवून त्याच्या तोंडाची रुंदी मोजावी, तर ती पाव इंच न भरतां अर्ध्या इंचाहूनहि अधिक, म्हणजे ०·५२५ इंच भरते! मग पान्यावरील आंकडा खोटा आहे काय? नाहीं. तो आंकडा पान्याच्या तोंडाचा नसून, ज्या बोल्टासाठीं तो पाना केला त्या बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा आहे. आणि ‘डब्ल्यू’ हें व्हिटवर्थच्या नांवाचें आद्याक्षर आहे. सर्वांचें माप एक व्हावें म्हणून ज्यानें जन्मभर खटपट केली, त्याचेंच नांव आज चार मापांच्या घोटाळ्यांतील एका मापास मिळालें आहे. असें कां झालें, हें समजण्यास त्याचें चरित्र पाहिलें पाहिजे.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजीं, मँचेस्टर शहराजवळच्या स्टॉकपोर्ट या गांवीं झाला. त्याचा बाप चार्ल्स हा शाळामास्तर होता व पुढें तो काँग्रिगेशनल पंथाचा धर्मोपदेशक झाला. घरची स्थिति बेताचीच होती. जोसेफ दहा वर्षांचा झाला न झाला तोंच त्याची आई वारली. बापानें त्याला लीड्स शहराजवळच्या एका शाळेंत ठेवलें. परंतु तेंहि शिक्षण चौदाव्या वर्षीं संपलें, आणि मुलाची रवानगी डर्बीशायरांत मामाकडे झाली.

मामाची सूत कातण्याची गिरणी होती. भाच्यानें धंदा शिकावा व पुढें भागीदार व्हावें, असा मामाचा चांगला हेतु होता. पोरक्या मुलास याहून चांगला आधार तो कोणता मिळणार? पण जोसेफचें मन सुतांत व हिशेबांत रमेना. तें रमे यंत्रांत. थोड्याच काळांत गिरणींतील प्रत्येक यंत्र कसें चालतें, तें कोठें अडतें व कां अडतें, हें त्यानें जाणून घेतलें. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. हीं यंत्रें कल्पनेनें उत्तम असलीं तरी घडणीनें ओबडधोबड होतीं. जेथें दोन भाग नीट बसावयाचे तेथें फट राही, आणि जेथें मोकळें फिरावयाचें तेथें घर्षण होई. सुमारें चार वर्षें काढल्यावर त्यानें गिरणीचा व भावी भागीदारीचा त्याग केला, आणि मँचेस्टरच्या एका कारखान्यांत साधा कामगार म्हणून चाकरी धरली. भागीदारीची गादी सोडून हातांत कानस घेणारा हा तरुण तेव्हां अनेकांस वेडा वाटला असेल. परंतु आपणांस काय शिकावयाचें आहे, हें त्याला ठाऊक होतें.

१८२५ सालीं फॅनी अँकर्स या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, व त्यानंतर लवकरच तो लंडनला गेला. त्या काळीं लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले याचा कारखाना म्हणजे यंत्रकारांची काशीच होती. तेथें कामास लागणें हाच मोठा मान समजत. व्हिटवर्थला तेथें जागा मिळाली, आणि दिवसभर मालकाचें काम करून संध्याकाळीं तो आपल्या बिऱ्हाडीं एका कोड्याशीं झुंजूं लागला. तें कोडें असें : खरोखर सपाट पृष्ठभाग कसा बनवावा?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. सुताराची पट्टी सरळ आहे हें कशावरून ठरवावयाचें? दुसऱ्या पट्टीवरून. आणि ती दुसरी? तिसरीवरून. मग जगांतील पहिली सरळ पट्टी आली कोठून? त्या वेळीं बिडाचे दोन पाट घेऊन, त्यांच्यामध्यें कुरुंदाची पूड घालून ते एकमेकांवर घाशीत. पण पूड सर्वत्र सारखी पसरत नाहीं, त्यामुळें कांहीं भाग जास्त झिजे, कांहीं कमी. शिवाय दोन पाट एकमेकांवर तंतोतंत बसले, तरी ते सपाट असतीलच असें नाहीं. एक पाट कासवाच्या पाठीसारखा किंचित् फुगीर असला व दुसरा परातीसारखा तितकाच खोल असला, तरीहि ते एकमेकांवर उत्तम बसतील!

व्हिटवर्थनें घासणें सोडून दिलें. त्यानें तीन पाट घेतले. एका पाटास रंगाचा पातळ लेप देऊन त्यावर दुसरा पाट टेकवावयाचा. जेथें रंग लागेल तेथें उंचवटा आहे असें समजून तेवढाच भाग धारदार हत्यारानें हलकेच खरडावयाचा. मग पहिला दुसऱ्याशीं, दुसरा तिसऱ्याशीं व तिसरा पहिल्याशीं, असें पुनःपुन्हां ताडून पहावयाचें. विद्यार्थ्यांनीं थोडा विचार केला तर यांतील मर्म त्यांच्या ध्यानांत येईल. पहिला पाट फुगीर असेल, तर त्याच्यावर बसणारे दुसरा व तिसरा हे दोन्ही खोल असले पाहिजेत; पण दोन खोल पाट एकमेकांवर बसूं शकत नाहींत. म्हणून तिन्ही पाट एकमेकांशीं जुळले, तर ते सपाटच असले पाहिजेत. दुसरी वाटच उरत नाहीं. तीन पाटांची युक्ति कारखान्यांत अगदींच अपरिचित होती असें नव्हे. परंतु घासण्याऐवजीं खरडण्याची रीत तिला जोडून व्हिटवर्थनें ती पूर्णतेस नेली. पुढें १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्यानें हें तंत्र सर्वांस उघड करून सांगितलें.

मॉडस्लेनंतर त्यानें लंडनमधील आणखी दोन नामांकित कारखान्यांत काम केलें. त्यांपैकीं जोसेफ क्लेमंट याच्या कारखान्यांत चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाचें प्रसिद्ध गणनयंत्र तयार होत होतें. हजारों भाग एकमेकांशीं अचूक जुळल्यावांचून जें चालावयाचें नाहीं असें तें यंत्र होतें. अचूकपणाची ती कठीण शाळा व्हिटवर्थला लाभली. तें काम १८३३ सालीं बंद पडलें. आणि त्याच वर्षीं तो मँचेस्टरला परतला, एक लहानशी जागा भाड्यानें घेतली, व हत्यारें आणि यंत्रें बनविण्याचा स्वतःचा धंदा त्यानें मांडला.

आतां त्याच्या आयुष्यांतील मुख्य कामाकडे वळूं. मळसूत्रावर, म्हणजे आपण ज्यास स्क्रू किंवा बोल्ट म्हणतों त्यावर, जी फिरत गेलेली चर व उंचवटा असतो त्यास आपले कारागीर आटे म्हणतात. नटाच्या आंतहि तसेच आटे असतात, आणि दोहोंचे आटे जुळले तरच नट बसतो. शंभर-सव्वाशे निरनिराळ्या कारखान्यांतून निरनिराळे आटे पडूं लागले तर काय होईल? १८४० पूर्वीं इंग्लंडांत नेमकें हेंच चाललें होतें. प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले. कोणी इंचास दहा आटे पाडी, कोणी अकरा, कोणी साडेदहा. कोणाचे आटे खोल, कोणाचे उथळ. कोणाचे टोकदार, कोणाचे बोथट. एखादें यंत्र उकललें कीं कोणता नट कोणत्या बोल्टाचा यासाठीं दोहोंवर खुणा करून ठेवाव्या लागत, कारण शेजारचा नटहि चालेलच असा भरंवसा नसे. दूरच्या गांवीं विकलेल्या यंत्राचा एक बोल्ट तुटला तर तो मूळ कारखान्याकडून तरी आणवावा लागे, नाहीं तर स्थानिक लोहाराकडून हातानें घडवून घ्यावा लागे. तोंवर गिरणी बंद, मजूर रिकामे, आणि मालकाचें नुकसान.

व्हिटवर्थनें यावर काय केलें, तें नीट लक्षांत घेण्यासारखें आहे. तो स्वतः त्या काळचा अव्वल यंत्रकार होता. माझेच आटे उत्तम, तेच सर्वांनीं घ्यावे, असें म्हणण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्यालाच होता. पण त्यानें तसें म्हटलें नाहीं. त्यानें देशांतील अनेक कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, ते मोजले, आणि त्यांची सरासरी काढली. आट्यांच्या दोन उतारांमधील कोनाची सरासरी सुमारें ५५ अंश आली. तोच कोन त्यानें ठरविला. आट्यांचा माथा व तळ टोकदार न ठेवतां, आट्याच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याइतके गोल करावयाचे असें ठरविलें, म्हणजे धार लवकर तुटूं नये. आणि बोल्टाची जाडी अमुक तर इंचास आटे तमुक, असा एक तक्ता केला : पाव इंचाच्या बोल्टास २० आटे, अर्ध्या इंचाच्या बोल्टास १२, एक इंचाच्या बोल्टास ८. १८४१ सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें त्यानें ही योजना मांडली.

सरासरी काढण्यांत मोठें शहाणपण होतें. प्रत्येक कारखानदारास थोडें बदलावें लागणार होतें, पण कोणासहि आपलें सारें टाकून दुसऱ्याचें घ्यावें लागणार नव्हतें. कोणाची हार नाहीं व कोणाची जीतहि नाहीं. तडजोडीची ही वाट असल्यामुळेंच, कोणताहि कायदा नसतां, ती योजना एका कारखान्यांतून दुसऱ्यांत पसरत गेली. आगगाड्यांच्या कंपन्यांनीं ती उचलली, कारण त्यांचीं इंजिनें एका गांवीं बनत व दुसऱ्या गांवीं बिघडत. वीस वर्षांच्या आंत ती बहुतेक सर्व इंग्लंडांत रूढ झाली. आणि इंग्लंडांत बनलेल्या यंत्रांबरोबर तीच मापें आपल्या देशांतहि आलीं.

या एकमताचें सामर्थ्य क्रिमियाच्या युद्धांत दिसून आलें. १८५४ ते १८५६ या काळांतील त्या युद्धासाठीं इंग्लंडच्या आरमारास तोफांच्या लहान बोटी तांतडीनें हव्या होत्या, व त्यांना वाफेचीं इंजिनें हवीं होतीं. जॉन पेन या कारखानदारानें एक नमुन्याचें इंजिन उकलून त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांस वांटून दिले व प्रत्येकाकडून तसेच भाग करवून घेतले. अशा रीतीनें अवघ्या नव्वद दिवसांत इंजिनांचे नव्वद संच तयार झाले. अनोळखी कारागिरांनीं वेगवेगळ्या गांवीं पाडलेले आटे एकत्र येतांच जुळले. पंधरा वर्षांपूर्वीं अशी गोष्ट कोणाच्या मनांतहि आली नसती.

एकमत झालें तरी तें टिकण्यास मोजणें अचूक हवें. पट्टीवरील रेघ डोळ्यानें पाहून मोजण्याची रीत व्हिटवर्थला पसंत नव्हती, कारण रेघेलाहि जाडी असते. वस्तु दोन टोकांमध्यें धरून, ती टोकांस टेकते कीं नाहीं हें स्पर्शानें ओळखावें, ही रीत त्यानें पुरस्कारिली. याच तत्त्वावर त्यानें एक मापनयंत्र बनविलें. त्याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पहावें. त्यांतील स्क्रूस इंचास २० आटे होते, म्हणजे तो एक फेरा फिरला कीं इंचाचा विसावा हिस्सा सरके. त्या स्क्रूवर २०० दात्यांचें चाक बसविलें होतें, व तें चाक फिरविणाऱ्या दांड्यावरील चकतीचे २५० सारखे भाग पाडले होते. २० गुणिले २०० गुणिले २५० म्हणजे १०,००,०००. चकती एक भाग पुढें सरकली कीं यंत्राचें टोक इंचाच्या दशलक्षाव्या हिश्श्यानें पुढें जाई! यंत्राच्या दोन टोकांत धरलेली एक लहानशी पट्टी तेवढ्या अंतरानें सैल झाली कीं आपोआप खालीं पडे. लोखंडाच्या गजास नुसता बोटाचा स्पर्श झाला, तरी त्या उष्णतेनें तो किती लांबला हें त्या यंत्रावर कळे.

१८५१ सालीं लंडनमध्यें जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्यांत व्हिटवर्थच्या यंत्रांनीं सर्वांचें लक्ष वेधून घेतलें व त्याला अनेक पदकें मिळालीं. याच सुमारास तो आणखी एका सुधारणेचा आग्रह धरूं लागला. इंचाचे अर्धा, पाव, अर्धपाव असे भाग करीत बसण्यापेक्षां इंचाचे हजार भाग करावे व सर्व मापें दशांशांत लिहावीं, असें त्याचें म्हणणें होतें. इंग्लंडांतील व अमेरिकेंतील यंत्रकारांमध्यें इंचाच्या हजाराव्या हिश्श्यांत बोलण्याची चाल पडली, तींत त्याच्या या आग्रहाचा वांटा मोठा आहे. जुनी मोटार दुरुस्त करणारा छांदिष्ट आजहि स्पार्क प्लगांतील फट हजाराव्या हिश्श्यांतच सांगतो.

व्हिटवर्थच्या चरित्रांत यशाबरोबर अपयशहि आहे, आणि तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. १८५४ सालीं सरकारनें त्याला बंदुकांच्या कामीं मदत करण्याची विनंति केली. त्यानें मँचेस्टरला पांचशें यार्ड लांबीची एक बंदिस्त शाळा बांधून तींत नेमबाजीचे प्रयोग केले, व षट्‌कोनी नळीची एक बंदूक तयार केली. १८५७ सालच्या परीक्षेंत ती सैन्याच्या चालू बंदुकीहून फारच सरस ठरली. १८६० सालीं विंबल्डन येथें स्वतः व्हिक्टोरिया राणीनें या बंदुकीचा बार काढला, तेव्हां चारशें यार्डांवरून गोळी मध्यबिंदूच्या अगदीं जवळ लागली. इतकें असूनहि सरकारनें ती बंदूक सैन्यासाठीं पत्करली नाहीं. पुढें त्याच्या तोफांनाहि आर्मस्ट्राँगच्या तोफांशीं झगडावें लागलें. या वादांत व्हिटवर्थचा हट्टी स्वभाव त्याच्या उपयोगी पडला नाहीं. इंग्लंडनें नाकारलेल्या त्याच्या कांहीं बंदुका अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडील सैन्याच्या हातीं गेल्या, व दुरून नेम धरून माणसें टिपण्यास त्यांचा उपयोग झाला. हत्यार अचूक असलें म्हणजे त्याचें काम चांगलेंच होतें असें नाहीं. तें कोणाच्या हातीं व कशासाठीं आहे, हेंहि पाहिलें पाहिजे.

धन व कीर्ति त्याला विपुल मिळाली. १८६९ सालीं त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. परंतु त्याच्या आधीं एक वर्ष, १८६८ सालीं, त्यानें जें केलें तें पदवीहून मोठें आहे. यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांसाठीं दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या त्यानें ठेवल्या. त्यांची अट अशी होती कीं, विद्यार्थ्यास शास्त्राचें ज्ञान तर हवेंच, पण हातानें काम करण्याचें कौशल्यहि हवें. पुस्तक वाचणारा हात मळवून घेत नाहीं, व हात मळविणारा पुस्तक उघडीत नाहीं, हा दोष त्यानें जन्मभर पाहिला होता. त्याच्या नांवाच्या शिष्यवृत्त्या आजहि इंग्लंडांत दिल्या जातात.

२२ जानेवारी १८८७ रोजीं माँटे कार्लो येथें त्याचा अंत झाला. त्याचा देह डर्बीशायरांतील डार्ली डेल येथें पुरला आहे. त्याला अपत्य नव्हतें. त्याच्या संपत्तींतून मँचेस्टर शहरास कलासंग्रहालय, उद्यान व कर्करोग्यांसाठीं रुग्णालय मिळालें. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १८९७ सालीं, ज्या आर्मस्ट्राँगशीं त्याचा आयुष्यभर सामना झाला त्याच्याच कंपनींत त्याची कंपनी विलीन झाली.

व्हिटवर्थ गेला, आणि मोटारींचें युग आलें. येथूनच आपल्या पहिल्या कोड्याचा उलगडा सुरू होतो. मोटार सारखी हादरते. रुंद आट्यांचे नट हादऱ्यानें सैल होतात. म्हणून १९०८ सालीं ५५ अंशांचा तोच कोन ठेवून बारीक आट्यांचें एक नवें माप इंग्लंडांत ठरलें. पाव इंचाच्या बोल्टास पूर्वीं २० आटे होते, ते येथें २६ झाले. या नव्या बोल्टांचीं डोकीं मात्र एक पायरी लहान केलीं होतीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई पडली तेव्हां जुन्या मापाच्या बोल्टांचीं डोकींहि तितकीच लहान केलीं. त्यामुळें एकाच पान्याच्या तोंडावर ३/१६ व १/४ असे दोन आंकडे दिसूं लागले : एक जुन्या डोक्यासाठीं, एक नव्या डोक्यासाठीं.

विजेच्या सामानाचे व घड्याळासारख्या नाजूक भागांचे स्क्रू याहून निराळे. त्यांच्यासाठीं १८८४ सालीं ब्रिटिश असोसिएशननें सुचविलेलें माप चाले. त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, मूळ पाया मिलिमीटरांचा, आणि क्रम उलटा : शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर जाड, आणि जसजसा क्रमांक वाढेल तसतसा स्क्रू बारीक!

सर्वांहून चमत्कारिक गोष्ट मॉरिस मोटारींची. पहिल्या महायुद्धांत हॉचकिस नांवाच्या फ्रेंच कंपनीनें इंग्लंडांत कव्हेंट्री येथें कारखाना घातला होता. युद्ध संपल्यावर ती मॉरिससाठीं इंजिनें बनवूं लागली. तिचीं यंत्रें फ्रान्समधील, म्हणून आटे मिलिमीटरांचे पडत. पण मोटारी वापरणार इंग्रज, व त्यांच्याजवळ पाने व्हिटवर्थचे. तेव्हां बोल्टाचा दांडा फ्रेंच मापाचा व डोकें इंग्रजी मापाचें, अशी तोड निघाली! १९२३ सालीं मॉरिसनें तो कारखाना विकत घेतला, तरी हें माप चालूंच राहिलें. आणि १९५५ पर्यंत बनलेल्या एम. जी. जातीच्या टुमदार मोटारींच्या इंजिनांतहि तें सांपडतें. ज्या छांदिष्टास हें ठाऊक नसतें, तो पाना नीट बसला म्हणून नवा इंग्रजी बोल्ट त्या भोंकांत पिळतो. आणि दोन फेऱ्यांतच शंभर ठिकाणीं शोधूनहि न मिळणाऱ्या जुन्या इंजिनाचे आटे कायमचे जातात.

अमेरिकेनें तर १८६४ पासूनच आपली वेगळी चूल मांडली होती. विल्यम सेलर्स यानें तेथें ६० अंशांचा कोन सुचविला, कारण तो पाडण्यास व तपासण्यास सोपा. बऱ्याच जाड्यांना इंचास आटे दोहोंकडे सारखेच. परंतु अर्ध्या इंचाच्या बोल्टास व्हिटवर्थचे आटे १२, तर अमेरिकेचे १३. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन नांवाचें विमानाचें इंजिन अमेरिकेंत पॅकार्ड कंपनी बनवूं लागली, तेव्हां ब्रिटिश आटे पाडण्याचीं हत्यारें तिला स्वतःच तयार करावीं लागलीं. दोस्त राष्ट्रांचे बोल्ट एकमेकांशीं जुळत नाहींत, याची किंमत युद्धांत कळून आली. अखेरीस १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं इंग्लंड, अमेरिका व कानडा यांनीं वॉशिंग्टन येथें एकच माप मान्य केलें. त्यांत कोन ६० अंशांचा धरला गेला. नव्या मोटारींतून व्हिटवर्थचे आटे हळूहळू मागें पडले, व कालांतरानें मिलिमीटरांनीं इंचांचीहि जागा घेतली.

आपल्या देशानें १९५६ सालीं मेट्रिक मापांचा कायदा केला. तरीहि आपल्याकडील कारखान्यांत व बांधकामावर अजून इंचाच्या आठव्या हिश्श्यास सूत म्हणतात, आणि चार सूत म्हटलें कीं कारागिरास अर्धा इंच कळतो. कायद्यानें माप बदलतें. पण हातास पडलेलें वळण जावयास दोनतीन पिढ्या लागतात. आणि जुनें यंत्र तर कधींच बदलत नाहीं. तें ज्या मापानें घडलें, त्याच मापानें तें समजून घ्यावें लागतें.

म्हणूनच जुनी मोटार नीट करणारा चांगला छांदिष्ट घाई करीत नाहीं. बोल्ट हातीं आला कीं तो आधीं त्याचे आटे मोजतो, जाडी मोजतो, कोन ताडून पाहतो, आणि मगच पाना उचलतो. पाना जबरदस्तीनें बसविला तर बोल्टाचें डोकें झिजतें, आणि चुकीचा बोल्ट जोरानें पिळला तर आटे जातात.

विद्यार्थी मित्रहो, व्हिटवर्थचें माप आज जगाचें माप राहिलें नाहीं. यांत त्याचें अपयश आहे असें कोणास वाटेल. परंतु त्यानें जगास जें शिकविलें तें ५५ अंशांहून मोठें आहे. सर्वांनीं मिळून एक माप ठरविलें, तर एका गांवच्या कारागिराचें काम दुसऱ्या गांवच्या कारागिराच्या कामांत तंतोतंत बसूं शकतें, हें त्यानें दाखवून दिलें. १९४८ सालीं तीन राष्ट्रांनीं त्याचें माप बाजूस ठेवलें, पण तसें करतांना त्यांनीं त्याचाच धडा गिरविला. तसेंच, एकमत घडवावयाचें तर स्वतःचें माप दुसऱ्यावर लादून चालत नाहीं; आधीं दहा जणांचीं मापें आदरानें मोजून पहावीं लागतात, हेंहि त्यानें आपल्या आचरणानें सांगितलें. घरांत, शाळेंत व पुढें संसारांत वावरतांना हा धडा आपण विसरूं नये. आणि कधीं एखादा जुना पाना हातीं आला व त्यावर ‘डब्ल्यू’ हें अक्षर दिसलें, तर मामाची भागीदारी सोडून मँचेस्टरच्या कारखान्यांत साधा कामगार झालेल्या त्या तरुणाचें क्षणभर स्मरण करावें.